शनीची ओळख

आपल्या बीड जिल्ह्यात आकाशाकडे पाहण्याची सवय सर्वांस आहे. परंतु ती बहुधा एकाच कारणासाठी. मृग निघाला की शेतकरी दारात उभा राहून ढगांची वाट पाहू लागतो. ढग आले तर मन उभारी धरते, ढग वाऱ्यावर निघून गेले तर मन खचते. निरभ्र आकाश म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचेच दुसरे नाव होऊन बसले आहे. म्हणून रात्री तेच निरभ्र आकाश ताऱ्यांनी भरून येते, तेव्हा मान वर करून ती शोभा पाहणारे लोक थोडे. आणि त्या थोड्यांतही ग्रहाचे नाव निघाले की पुष्कळांस आधी भीती आठवते, शोभा मागाहून.

सर्व ग्रहांत ज्याची भीती अधिक तो शनी. आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे त्याचे प्रसिद्ध देवालय आहे, आणि तेथे दूरदूरचे लोक येतात. कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याचे नाव आपण इतक्या वेळा घेतो, त्याला आपण कधी पाहिले आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत पाठात शनीची ओळख करून घ्यावी, आणि ओळख झाल्याने भीती व शोभा यांचे काय होते हे पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

१. दसऱ्यानंतरची एक संध्याकाळ

सन २०१८ साली पावसाने दगा दिला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारास मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच महिन्यात, दसरा झाल्यावर, पाटोदा तालुक्यातील डोंगराकडेच्या एका वस्तीवर जाण्याचा आम्हांस योग आला. घरोघर ऊसतोडीस निघण्याची तयारी चालली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयत्यांना धार लावलेली, आणि पोरांच्या दप्तरांचे काय करावे हे कोणास ठरविता येत नव्हते.

एका घरी म्हातारी आजी होती. विहीर आटली होती, बैलजोडीपैकी एक बैल विकावा लागला होता. आजीच्या मनाने याचे कारण एकच घेतले होते : मुलाची रास मकर, आणि त्यास गेल्या वर्षापासून साडेसाती लागलेली. उचलीच्या पैशातून काही रक्कम शांतीसाठी बाजूला काढून तिने ती पदराच्या गाठीत बांधून ठेविली होती. ती रक्कम म्हणजे त्या घराचा पंधरा दिवसांचा किराणा होता.

आमच्याबरोबर शाळेचे गुरुजी होते, आणि त्यांच्याजवळ एक लहानशी दुर्बीण होती. सूर्य मावळून अंधार पडला तसा मंगळ दक्षिणेकडे तांबडा व तेजस्वी दिसू लागला. त्याच्या उजव्या हातास, नैऋत्येकडे, पिवळसर रंगाचा एक शांत तारा होता. तो लुकलुकत नव्हता. तोच शनी. गुरुजींनी दुर्बीण त्याच्यावर लावून आजीस जवळ बोलाविले.

आजीने एक डोळा मिटून दुसरा नळीस लाविला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, “ह्योच का त्यो शनी?”

“होय आजी, हाच.”

पुन्हा ती पाहत राहिली. नंतर अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “अन् ह्याला कडं कुणी घातलं?”

दुर्बिणीत जे दिसते ते असे : जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक फिकट सोनेरी गोळा, आणि त्याच्या भोवती, त्यास कोठेही न टेकलेले, एक बारीक, स्वच्छ कडे. ज्याने ते प्रथम पाहिले त्याला ते खरे वाटत नाही. नळीच्या तोंडाशी कोणी चित्र चिकटविले आहे की काय, असे वाटते. आजी बाजूस झाली आणि म्हणाली, “एवढं देखणं आसंल म्हणून कुणी सांगितलंच न्हाई.” मग तिची दहा वर्षांची नात पुढे झाली, आणि तिला तेथून उठविणे कठीण झाले.

पदराच्या गाठीतील पैशांचे आजीने पुढे काय केले, हे आम्ही विचारले नाही. ते विचारणे आमचे काम नव्हते. परंतु तिचे ते शेवटचे वाक्य आमच्या मनात राहिले, आणि त्यातूनच हा पाठ निघाला आहे.

२. साडेसातीतील हिशोब

ज्या शब्दाची भीती वाटते त्या शब्दात काय आहे ते आधी पाहू. ‘साडेसाती’ हा शब्द कोणी रागाने किंवा शापाने निर्माण केलेला नाही. तो एक हिशोब आहे, आणि तो बराचसा बरोबर आहे.

सूर्य, चंद्र व ग्रह ज्या वाटेने आकाशातून जाताना दिसतात, त्या वाटेचे प्राचीन लोकांनी बारा भाग केले. त्यांस राशी म्हणतात. शनीस ही सगळी वाट चालून पुन्हा मूळ ठिकाणी येण्यास सुमारे २९॥ वर्षे लागतात. त्यास १२ ने भागिले म्हणजे एका राशीस सुमारे अडीच वर्षे येतात. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास, आणि पुढची रास, अशा तीन राशी धरल्या की अडीच त्रिक साडेसात. झाली साडेसाती! सन २०१८ च्या त्या संध्याकाळी शनी धनू राशीत होता. धनूच्या पुढची मकर. म्हणून आजीच्या मुलास साडेसाती.

आता विचार करा. हा हिशोब करण्यासाठी कोणीतरी, दुर्बीण नसताना, केवळ डोळ्यांनी, एका पिवळ्या ठिपक्याचा तीस तीस वर्षे पाठलाग केला असला पाहिजे. बापाने आरंभ केला असेल तर मुलाने तो शेवटास नेला असेल. शनीचे जुने नाव शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा, हेही अशाच पाहणाऱ्याने ठेविले. त्या नावात भय नाही. त्यात निरीक्षण आहे. ज्यांनी ते केले त्यांची चिकाटी हीच आपली खरी वडिलोपार्जित ठेव होय. भीती तिच्यावर मागाहून साचलेली धूळ आहे.

आणि हेही लक्षात घ्यावे की, बारा राशींपैकी तीन राशींच्या लोकांस साडेसाती नेहमीच चालू असते. म्हणजे सरासरीने दर चार माणसांत एकास. सन २०१८ साली पाऊस मात्र राशी पाहून पडला नाही. ज्याची रास मकर त्याची विहीर आटली, आणि ज्याची रास वृषभ त्याचीही आटली.

३. बीड आणि भास्कराचार्य

शनीची चाल मोजणाऱ्यांमध्ये एक नाव असे आहे की, ते आपल्या जिल्ह्याशी जोडले जाते. ते नाव भास्कराचार्यांचे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयास असून त्याचे नाव विज्जडविड, असे त्यांनीच सांगितले आहे.

हे विज्जडविड कोणते? नावाचे साम्य आणि बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा असणे, यांवरून काही विद्वानांनी ते आपले बीड असे म्हटले. दुसऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावाजवळच्या पाटणकडे बोट दाखविले. कारण तेथे एक शिलालेख आहे, आणि त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे लिहिले आहे. तो लेख डॉक्टर भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणिला, आणि त्याचे वजन मोठे आहे. आपल्या गावाचा अभिमान म्हणून आपण पुरावा बाजूस सारू नये. तथापि जन्मभूमीचा वाद कसाही मिटो, एवढे खरे की ज्या सह्याद्रीच्या रांगा आपण पाहतो, त्यांच्याच सावलीत बसून एक मनुष्य शनीची चाल मोजीत होता.

ती चाल किती सूक्ष्म होती ते पाहा. ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा एक कल्प धरून, त्यात शनीच्या १४ कोटी ६५ लक्ष ६७ हजार २९८ फेऱ्या होतात, असा अंक ब्रह्मगुप्तापासून चालत आला होता, आणि भास्कराचार्यांनी तोच घेतला. पाटीवर भागाकार करावा : एका फेरीस २९.४७ वर्षे, म्हणजे सुमारे १०,७६६ दिवस येतात. हल्लीची उपकरणे सुमारे १०,७५९ दिवस सांगतात. साडेएकोणतीस वर्षांच्या वाटचालीत फरक थोड्याच दिवसांचा! पृथ्वी स्थिर असून ग्रह तिच्याभोवती फिरतात, अशी त्यांची मांडणी होती, आणि ती पुढे टिकली नाही. कोपर्निकसाने सन १५४३ मध्ये सूर्य मध्ये ठेविला. पण मोजणी टिकली. मांडणी चुकली तरी प्रामाणिक मोजणी वाया जात नाही, हा धडा शाळेतील मुलांनी तर अवश्य ध्यानात ठेवावा.

याच मनुष्यास सौंदर्याचीही दृष्टी होती. त्यांच्या लीलावतीतील उदाहरणांत भुंग्यांचे थवे, कमळे, हंस व मोर येतात. पर्वत, गावे व झाडे यांनी सर्व बाजूंनी वेढलेली पृथ्वी त्यांना केसरांनी भरलेल्या कदंबाच्या फुलासारखी दिसली. आकाशाचे गणित सांगणाऱ्या गोलाध्यायात त्यांनी मध्येच ऋतूंचे वर्णन घातले आहे. आणि पृथ्वी कशावर उभी आहे, या प्रश्नास त्यांनी दिलेले उत्तर एखाद्या उत्तम वकिलासारखे आहे : तिला कोणी उचलून धरिले आहे म्हणावे तर त्यास कोण धरितो? आणि त्यास? शेवटी कोणी एक आपल्याच शक्तीने राहतो असे म्हणावेच लागते; मग ती शक्ती पहिल्याने पृथ्वीचीच का मानू नये? गणित आणि शोभा ही दोन वेगळी घरे आहेत, असे त्यांना वाटले नाही. आपल्यासही तसे वाटण्याचे कारण नाही.

४. कडे कसे कळले

भास्कराचार्यांस शनीची चाल ठाऊक होती, पण त्याचे कडे ठाऊक नव्हते. ते केवळ डोळ्यांस दिसतच नाही. सन १६१० मध्ये इटलीत गॅलिलिओने दुर्बीण शनीवर लाविली. त्याची दुर्बीण लहान होती. त्याला कडे न दिसता गोळ्याच्या दोन्ही बाजूंस दोन लहान गोळे असल्यासारखे दिसले. सन १६१२ मध्ये पुन्हा पाहिले तो ते दोन्ही नाहीसे झालेले! तो बुचकळ्यात पडला. पुढे ख्रिस्तियान हायगेन्स या डच विद्वानाने सन १६५९ मध्ये उलगडा केला की, शनीभोवती एक पातळ, सपाट कडे आहे, आणि ते त्यास कोठेही टेकलेले नाही. शनी आपल्या वाटेवर चालताना हे कडे आपणांस कधी तिरपे, कधी आडवे दिसते. दर सुमारे पंधरा वर्षांनी त्याची नुसती धार आपल्याकडे येते, आणि धार इतकी बारीक की कडे दिसेनासे होते. सन २००९ मध्ये तसे झाले, सन २०२५ च्या मार्चमध्येही झाले. आजीने पाहिले ते साल २०१८ होते, म्हणून कडे चांगले उघडलेले होते.

सन १६७५ मध्ये कॅसिनीने कड्यात एक काळी फट पाहिली, आणि कडे एकसंध नाही हे कळले. मग प्रश्न निघाला : ते घन आहे, प्रवाही आहे, की आणखी काही? सन १८५९ मध्ये मॅक्सवेल या स्कॉटिश गणितज्ञाने केवळ गणिताच्या बळावर दाखवून दिले की, घन कडे टिकणार नाही, ते मोडून पडेल. म्हणून ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, आणि प्रत्येक कण आपल्या वाटेने शनीभोवती फिरत असला पाहिजे.

याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास छत्तीस वर्षे लागली. तो समजण्यासाठी वाचकांनी आपले खळे आठवावे. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. सगळे बैल एकाच दाव्याने बांधलेले. म्हणून तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी सावकाश पावले टाकतो, आणि बाहेरच्या बैलास धावावे लागते. शनीचे कडे जर एकच घन ताटली असते, तर तेथेही हेच झाले असते : आतली बाजू सावकाश, बाहेरची वेगाने. सन १८९५ मध्ये अमेरिकेत कीलर याने कड्याकडून येणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण करून वेग मोजला, तो नेमका उलट निघाला. आतले कण वेगाने धावत होते, बाहेरचे सावकाश चालत होते. म्हणजे तेथे दावे नाही. प्रत्येक बैल मोकळा आहे, आणि तरी कोणीही आपली वाट सोडीत नाही.

आता आपणांस ठाऊक आहे की, हे कण मुख्यत्वे पाण्याच्या बर्फाचे आहेत. काही धुळीएवढे, काही आपल्याकडे पडणाऱ्या गारांएवढे, काही घराएवढे. आतल्या कडेच्या कणांस एक फेरी करण्यास सुमारे ६ तास लागतात, बाहेरच्यांस सुमारे १४. मुख्य कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २,७०,००० किलोमीटर आहे; आणि त्याची जाडी बहुतेक ठिकाणी सुमारे १० मीटर, म्हणजे आपल्या शिवारातील एखाद्या विहिरीच्या खोलीएवढी! या प्रमाणात वहीच्या कागदाइतकी पातळ चकती करावयाची झाल्यास ती पावणेतीन किलोमीटर रुंद करावी लागेल. गावाच्या एका वेशीपासून पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत एकच कागद पसरला आहे, अशी कल्पना करावी. कॅसिनीचेच नाव दिलेले एक यान सन २००४ पासून १३ वर्षे शनीभोवती फिरत राहिले, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी, इंधन संपत आल्यावर, त्यास मुद्दाम शनीच्याच वातावरणात सोडून देण्यात आले. या सूक्ष्म गोष्टींपैकी पुष्कळ त्याने कळविल्या.

५. हळू चालण्याचे कारण

शनी हळू का चालतो? तो लंगडा आहे, अशी जुनी कथा आहे. खरे कारण असे की, तो दूर आहे. सूर्यापासून तो सरासरीने सुमारे १४३ कोटी किलोमीटरांवर आहे; सूर्याचा प्रकाश तेथे पोहोचण्यास सुमारे ८० मिनिटे लागतात. दूर असल्याने त्याची वाट लांब. आणि सूर्याची ओढ तेथे क्षीण असल्याने त्याची चालही मंद. पृथ्वी एका सेकंदात सुमारे ३० किलोमीटर जाते, शनी १० सुद्धा जात नाही.

या दोन्हींचा मेळ सन १६१९ मध्ये केप्लरने एका नियमात घातला, आणि तो नियम पाटीवर पडताळता येतो. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १ धरिले तर शनीचे ९.५४. हा अंक तीन वेळा मांडून गुणावा : सुमारे ८६८ येतात. आता शनीच्या एका फेरीची वर्षे, २९.४६, दोन वेळा मांडून गुणावीत : पुन्हा ८६८! मंगळाचे घ्या, गुरूचे घ्या, शुक्राचे घ्या. अंक निराळे येतील, पण दोन्ही बाजू जुळतील. जो नियम एका ग्रहास तोच सर्वांस. तेथे कोणावर राग नाही, कोणावर लोभ नाही. आम्हांस तर असे वाटते की, कड्याचे सौंदर्य डोळ्यांस दिसते, पण त्याहून मोठे सौंदर्य या ८६८ च्या दोन अंकांत आहे.

६. दोन शंका

येथे कोणी म्हणेल, सगळे मोजून मापून टाकिले म्हणजे शोभा उरते कोठे? न कळलेल्या गोष्टीचीच मौज असते. या शंकेचे उत्तर आपल्या रब्बीच्या शेतात आहे. पौषात ज्वारी निसवून उभी राहते, तेव्हा सडकेने जाणारा शहरी पाहुणाही म्हणतो, “काय सुंदर!” पण त्याच बांधावर उभा असलेला शेतकरी, ज्याला पेरणीची ओल ठाऊक आहे, कोणत्या तासात दुबार पेरावे लागले हे ठाऊक आहे, एका कणसास किती दाणे धरतात हे ठाऊक आहे, त्याला ते शेत पाहुण्याहून कमी सुंदर दिसते काय? त्याला ते दुपटीने सुंदर दिसते. माहिती शोभेस खाऊन टाकीत नाही. ती शोभेस मुळे देते. माहितीने जे जाते ते भय.

दुसरी शंका अधिक खरी आहे : याने पोट भरते काय? नाही, भरत नाही. शनीचे कडे पाहून विहिरीस पाणी लागत नाही, आणि उचल फिटत नाही. असे सांगणारा मनुष्य वाचकांची फसवणूक करील. परंतु भीतीस खर्च लागतो, आणि तो गरिबाच्या गाठीतून जातो. मुलीचे लग्न पत्रिकेतील मंगळावर अडते, पेरणीचा दिवस चुकतो, किराण्याचे पैसे निराळ्याच ठिकाणी जातात. आकाश पाहण्यास मात्र एक पैसाही लागत नाही. आणि ज्याच्या दिवसात ऊस तोडणे, मोळी बांधणे व गाडी भरणे यांपलीकडे काही नाही, त्याच्या डोक्यावरचे तारे तरी त्याचे स्वतःचे असावेत, ही मागणी फार मोठी नाही.

७. घरच्या घरी कसे पाहावे

तारा व ग्रह यांत भेद कसा करावा? तारा लुकलुकतो, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. तारे आपसांतील जागा सोडीत नाहीत : बाज आजही बाजेसारखीच आहे, तिकांडे तिकांड्यासारखेच आहे. ग्रह मात्र ताऱ्यांमधून सरकत जातो. शुक्र सर्वांत तेजस्वी, आणि तो पहाटे किंवा संध्याकाळी सूर्याच्या आसपासच असतो; मंगळ तांबूस; गुरू शुभ्र व ठसठशीत; शनी पिवळसर व शांत. सन २०२५ च्या मार्चमध्ये शनीने मीन राशीत पाऊल टाकिले. तेथून अडीच वर्षांस एक रास, याप्रमाणे पुढे मोजीत जावे. एका वहीत दर महिन्यास एकदा, त्याच्या जवळच्या ताऱ्यांचे ठिपके काढून शनीची जागा मांडावी. वर्षभरात तो कधी थांबतो, काही काळ मागे जातो व पुन्हा पुढे चालू लागतो, हे आपल्या डोळ्यांनी दिसेल. तो खरोखर मागे जात नाही. वेगवान गाडी सावकाश गाडीस मागे टाकते तेव्हा ती सावकाश गाडी मागे गेल्यासारखी वाटते, तसे पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून दिसते.

मराठीत ही वाट पूर्वीच घालून दिलेली आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे शिक्षक होते. त्यांनी सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ आणि विद्वानांसाठी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ असे ग्रंथ मराठीत लिहिले. शाळेतील गुरुजींनी ते मिळवून मुलांस त्यांतील भाग समजावून द्यावा.

८. नातीचा प्रश्न

आता त्या वस्तीवरील मुलीकडे वळून पाठ संपवू. ती आईबापांबरोबर ऊसतोडीस गेली. तिचे दप्तर मागे राहिले. निघण्यापूर्वी आम्ही तिला एवढेच सांगितले होते की, शनी आता सूर्याच्या मागे जाईल व काही दिवस दिसणार नाही. माघात तो पहाटे पूर्वेकडे पुन्हा निघेल.

चैत्रात मंडळी परत आली तेव्हा तिने आपण होऊन सांगितले की, तो निघाला. फडावर सर्वांस अंधारातच उठावे लागे. एका पहाटे शुक्राच्या चांदणीला अगदी चिकटून एक फिका पिवळा तारा तिला दिसला. दोन-तीन दिवसांत चांदणी त्याला सोडून खाली सरकली, आणि तो तेथेच राहिला. आम्ही पंचांग काढून पाहिले. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी शुक्र व शनी यांची युती झाली होती. शाळा जेथे पोहोचली नाही, तेथे त्या मुलीने, कोणी न शिकविता, एका ग्रहाची वाट बरोबर ओळखिली होती.

तिने विचारले, आम्ही दुर्बिणीतून पाहिला त्या जागी तो पुन्हा कधी येईल? आम्ही हिशोब करून सांगितले, सन २०४८ च्या सुमारास. तेव्हा ती चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “मंग तवा कडं दिसंल का?”

दिसेल. शनी त्याच जागी आला म्हणजे त्याचा कलही तोच असतो, आणि कडे तितकेच उघडलेले असते. इतक्या वर्षांनी काय दिसेल हे आज सांगता येते, आणि ते ऐकून एका मुलीचे डोळे मोठे होतात. ही त्या नियमाची शोभा होय. आजीने विचारले होते, हे कोणी सांगितलेच नाही. वाचकहो, निदान आपल्या घरच्या मुलांस तरी तसे म्हणण्याची पाळी येऊ नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साडेसाती हा अंक कसा निघतो, हे हिशोबाने दाखवा.
२. शनीचे कडे घन नाही, हे खळ्यावरील बैलांच्या दाखल्याने समजावून सांगा.
३. गॅलिलिओस सन १६१२ मध्ये शनीच्या बाजूचे गोळे का दिसले नाहीत?
४. भास्कराचार्यांची मांडणी बदलली, पण मोजणी टिकली. यावरून आपण काय शिकावे?
५. आज रात्री अंगणात जाऊन न लुकलुकणारा एक ‘तारा’ शोधा, आणि महिन्याने तो कोठे आहे ते पाहून वहीत मांडा.